साथीत दुर्बलांचे रक्षण झाले नाही, तर सरकारला न्यायालयात जाब विचारता येतो का?

‘परिस्थितीच अभूतपूर्व होती’ असे सरकारने म्हटल्यावर वृद्ध, अपंग किंवा कैदी यांच्या नातलगांना कायद्याचा काही आधार उरतो का, असे आपण विचारले आहे. उरतो. मी हे ठामपणे लिहितो, कारण नेमके हेच वाक्य मला मावशीच्या मृत्यूनंतर ऐकावे लागले होते.

मावशी वृद्धाश्रमात राहत असे. कोरोनाच्या पहिल्या लाटेत, रुग्णालयांतील खाटा रिकाम्या करण्याच्या घाईत, तेथील एका वृद्ध गृहस्थांना चाचणी न करताच परत पाठविण्यात आले. ताप नव्हता, खोकला नव्हता, म्हणून त्यांची खाट नेहमीच्याच दालनात, मावशीच्या रांगेत लागली. पुढे त्या दालनातील बहुतेक जण आजारी पडले आणि मावशी गेली. व्यवस्थापिकाबाईंना मी दोष देत नाही. परत आलेल्या गृहस्थांना वेगळ्या खोलीत ठेवा, असे बाईंना कोणी कळविलेच नव्हते. मी संबंधित कार्यालयाला लेखी विचारले की, रुग्ण परत पाठविण्याचा आदेश कोणी काढला आणि तो काढताना आश्रमातील इतरांचा विचार झाल्याची नोंद कोठे आहे. आदेशाची प्रत मिळाली, नोंद मिळाली नाही. वकिली करणारे आमचे थोरले मेहुणे मात्र म्हणाले, ‘‘साथ ही दैवी आपत्ती आहे, तिच्याबद्दल सरकारवर दावा लागत नसतो.’’ घरात सर्वांनी त्यांचेच ऐकले आणि विषय बंद केला.

मेहुण्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते. २७ एप्रिल २०२२ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने, शुश्रूषागृहांत वडील गमावलेल्या दोन महिलांच्या याचिकेवर, रुग्णांना रुग्णालयांतून शुश्रूषागृहांत पाठविण्याचे मार्च-एप्रिल २०२० मधील धोरण बेकायदेशीर ठरविले. लक्षणे नसलेल्या माणसाकडूनही संसर्ग पसरू शकतो, हा वृद्धांना असलेला धोका ते धोरण आखताना विचारात घेतला गेला नव्हता. चाचणीतून निर्धोक न ठरलेल्यांना शक्य तेथे १४ दिवसांपर्यंत वेगळे ठेवण्याचा सल्ला तरी द्यायला हवा होता, असे न्यायालयाने म्हटले. साथ आली याचा जाब तेथे कोणी मागितला नाही. निर्णय घेताना कोणता धोका नजरेआड केला, एवढेच तपासले गेले, आणि मी कार्यालयाला दुसरे काही विचारीत नव्हतो.

हा एकच दाखला नव्हे. आईकडून बाळाला होणारा एचआयव्हीचा संसर्ग रोखणारे नेव्हिरापिन हे औषध ठराविक केंद्रांपुरते मर्यादित ठेवण्याचे धोरण दक्षिण आफ्रिकेच्या घटनात्मक न्यायालयाने २००२ मध्ये घटनाबाह्य ठरविले. ब्राझीलच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सरकारला आदिवासींच्या रक्षणाचा आराखडा तयार करण्यास भाग पाडले. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने ३० जून २०२१ रोजी आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम १२ बंधनकारक असल्याचे सांगून, कोविडने दगावलेल्यांच्या कुटुंबीयांना सानुग्रह साहाय्य देण्याचे निकष ठरविण्यास राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाला बजावले.

म्हणून माझे मत असे की, प्रथम भरपाईच्या मागे लागू नये. आदेश, त्याची तारीख आणि त्यामागील टिपणे लेखी मागावीत, आणि जी नोंद देता येत नाही तिच्यावर बोट ठेवावे. ‘काही होत नसते’ असे सांगणारा नातलग वकील असला तरी त्याचा शब्द अखेरचा मानू नये.

भरपाईबद्दल मात्र मी फार आशा दाखविणार नाही. लंडनच्या त्याच निकालात मानवी हक्कांच्या भंगाचा मुद्दा फेटाळला गेला, आणि आपल्याकडे रक्कम किती असावी हे न्यायालयाने प्राधिकरणावरच सोपविले. १८९७ च्या साथरोग कायद्याचे कलम ४ सद्भावनेने केलेल्या कृतीला संरक्षण देते, त्यामुळे एखाद्या अधिकाऱ्यावर व्यक्तिशः दावा टिकविणे अवघड जाते. शिवाय इंग्लंडमध्ये अशी याचिका विनाविलंब, फार तर तीन महिन्यांत करावी लागते. आपण ज्या देशाविषयी विचारीत असाल, तेथील मुदत सर्वांत आधी तपासून घ्यावी.