तुमचे प्रश्न : वर्गातला खेळ नेमकं काय शिकवतो?

वर्गातले खेळ आणि सिम्युलेशन (म्हणजे खऱ्या गोष्टीची वर्गात किंवा पडद्यावर केलेली नक्कल) या विषयावर पत्रं मागवली होती. निम्म्या पत्रांत 'कुठलं ॲप चांगलं ते सांगा' एवढंच होतं. ती बाजूला ठेवली आहेत. ॲपची यादी छापायची आणि सहा महिन्यांनी त्यातली अर्धी बंद पडलेली पाहायची, यात मला रस नाही. फ्लॅश या ब्राउझरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरवर चालणारे कितीतरी शैक्षणिक खेळ २०२० च्या डिसेंबरअखेर फ्लॅशबरोबरच गेले आणि त्यांवर बेतलेल्या शिक्षकांच्या पाठटाचणांचे कागद तेवढे उरले. बाकीच्या पत्रांची उत्तरं देतो.

सर, मी सहावीला गणित शिकवते. तासाच्या शेवटी टॅबवर प्रश्नमंजूषा घेते. घड्याळ चालू, पटापट उत्तरं, पडद्यावर गुणांची क्रमवारी. मुलं वर्ग डोक्यावर घेतात, मुख्याध्यापकही खूश आहेत. पण तेच गणित आठवड्याने वहीत दिलं की निम्म्यांना जमत नाही. खेळ निवडण्यात माझं काही चुकतंय का?

खरं सांगू? तुम्ही घेताय ती घड्याळ लावलेली तोंडी परीक्षा आहे, वर पार्श्वसंगीत. परीक्षा घ्यायला माझी ना नाही. पण तिच्यातून शिकणं आपोआप होईल ही अपेक्षा फोल आहे.

अशा एका तासाला मी मागच्या बाकावर बसलो होतो. समोरच्या मुलीने प्रश्न शेवटपर्यंत वाचलाच नाही. चारपैकी दोन पर्याय अंदाजाने बाद केले, उरलेल्या दोनांत शेजारणीचं बोट कुठे वळतंय ते पाहिलं आणि दाबलं. उत्तर बरोबर! वर लवकर दिल्याबद्दल जादा गुण. ती मुलगी लबाड नव्हती. खेळाने ज्याला बक्षीस ठेवलं होतं ते तिने चोख केलं.

कुठलाही खेळ हातात आला की मी एकच पाहतो : पुढची खेळी करताना मुलाला कशाचा विचार करावा लागतो? भागाकाराच्या खेळात भागाकाराचा विचार केल्याशिवाय पुढे जाता येत असेल, तर तिथे विषय नुसता चिकटवलेला आहे.

इंग्लंडमधल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं होतं. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 'झॉम्बी डिव्हिजन' नावाचा खेळ सात ते अकरा वर्षांच्या मुलांना दिला. एका आवृत्तीत अंगावर येणाऱ्या सांगाड्यांच्या छातीवर संख्या असायची आणि तिला निःशेष भाग जाईल असंच शस्त्र निवडावं लागायचं. म्हणजे लढाई हाच भागाकार. दुसऱ्या आवृत्तीत लढाई तीच, पण बिनसंख्येची, आणि भागाकाराचे प्रश्न प्रत्येक टप्पा संपल्यावर वेगळे विचारायचे. पहिल्या आवृत्तीतली मुलं जास्त शिकली. कुठली आवृत्ती खेळायची ते मुलांवर सोडलं, तेव्हाही पहिलीलाच त्यांनी कितीतरी जास्त वेळ दिला.

गुणांच्या क्रमवारीबद्दल माझं मत कडक आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. 'चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्रक देऊ' असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं पुढे मोकळ्या वेळात बाकीच्यांच्या सुमारे निम्माच वेळ चित्रं काढताना दिसली. ज्यांना प्रशस्तिपत्रक अचानक मिळालं त्यांच्यात अशी घट नव्हती. आवडीच्या कामाला आधीच बक्षीस लटकवलं की नाकापेक्षा मोती जड होतो. त्यातून क्रमवारीत तळाला कोण असतं ते तुम्हाला मुलांच्या नावानिशी माहीत असेल. तीच चार-पाच नावं, रोज.

उद्यापासून एवढं करून पाहा. घड्याळ बंद करा, क्रमवारीचा पडदा झाका आणि प्रश्न तीनच ठेवा. प्रत्येकाने आधी एकट्याने उत्तर द्यायचं. मग शेजाऱ्याला आपलं उत्तर पटवायचं आणि पुन्हा उत्तर द्यायचं. आरडाओरडा कमी होईल, भांडणं वाढतील. भांडणं गणितावरून असतील तर होऊ द्या.

माझ्या वर्गात साठ मुलं आहेत आणि संगणक एकही नाही. सिम्युलेशन आमच्यासाठी नाहीच, असं समजावं का?

मुळीच नाही. माझ्या आवडीचं सिम्युलेशन विजेशिवाय चालतं.

दहावीला किरणोत्सार (अस्थिर अणुकेंद्रकं आपोआप फुटणं) शिकवताना प्रत्येक मुलाला दोन फासे द्या, म्हणजे १२० फासे. एक फासा म्हणजे एक अणुकेंद्रक. सगळ्यांनी एकदम फेकायचे. सहा पडला तो फासा 'फुटला', तो बाजूला. उरलेले फासे मोजून फळ्यावर आकडा लिहायचा आणि पुन्हा फेकायचं. पहिल्या फेकीनंतर शंभराच्या आसपास उरतात, मग त्र्याऐंशी, एकोणसत्तर, आणि चौथ्या फेकीला साठाच्या जरा खाली. अगदी हेच आकडे येणार नाहीत. ते येत नाहीत हेही मुलांना दिसायला हवं. आलेख काढला की निम्मे व्हायला सुमारे चार फेकी आणि पाव उरायला सुमारे आठ, हे मुलंच तुम्हाला सांगतील. अर्धायुष्याची (निम्मी केंद्रकं फुटायला लागणाऱ्या वेळाची) व्याख्या त्यानंतर सांगा, आधी नको. (फासे नसतील तर नाणी चालतील. छापा पडला तो फुटला. पण मग दर फेकीला निम्मे जातात आणि खेळ फार लवकर आटोपतो.)

खरी मजा पुढे आहे. सातव्या-आठव्या फेकीला कुणीतरी म्हणतंच, "सर, माझा एकदाही फुटला नाही. आता पुढच्या वेळी नक्की फुटणार!" तिथे फेकणं थांबवा. 'बरोबर' किंवा 'चूक' म्हणू नका, वर्गाला विचारा : फाशाला आपलं वय ठाऊक असतं का? बहुतेक मुलं म्हणतात, हो, आता त्याची पाळी आली. मग आतापर्यंत टिकलेले फासेच तेवढे पुन्हा फेकायला लावा. त्यांतलेही साधारण सहावा हिस्साच फुटतात. कार्बन-१४ चं अर्धायुष्य ५,७३० वर्षं आहे, पण एखादं केंद्रक दहा हजार वर्षं टिकलं म्हणून ते म्हातारं होत नाही. ही गोष्ट मी फळ्यावर नाना तऱ्हांनी समजावून पाहिली आहे. फाशांनी ती जेवढी कळते तेवढी माझ्या बोलण्याने कळलेली नाही.

शेवटची पंधरा मिनिटं मात्र राखून ठेवा. खेळ चांगला रंगतो, घंटा होते, फासे गोळा केले जातात आणि तास संपतो. इथेच घोडं पेंड खातं. काय झालं, का झालं, आणि फासे खऱ्या केंद्रकांपेक्षा कुठे वेगळे आहेत (आपण ठरावीक वेळाने फेकतो, केंद्रकं कुणाच्या इशाऱ्याची वाट पाहत नाहीत), यावर बोलणं झालं नाही तर मुलांच्या हाती फाशांचा खुळखुळाट तेवढा उरतो.

प्रयोगशाळेच्या साहित्यावर आता खर्च नको, सगळे प्रयोग पडद्यावर होतात, असं आमच्या संस्थेत ठरत आहे. आम्ही विज्ञानशिक्षकांनी काय म्हणावं?

आधी संस्थेच्या बाजूचं सांगतो, कारण तुम्ही नाही सांगितलंत तर ते सांगतील. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली कोलोरॅडो विद्यापीठात 'फेट' हा सिम्युलेशनचा प्रकल्प सुरू केला. तो मोफत आहे आणि उत्तम आहे. त्याच विद्यापीठातल्या २००५ च्या अभ्यासात विद्युत परिपथ पडद्यावर जोडणारे विद्यार्थी खऱ्या तारा-बल्ब वापरणाऱ्यांपेक्षा संकल्पनांच्या प्रश्नांत सरस ठरले. एवढंच काय, नंतर खरा परिपथ जोडून दाखवण्यातही सरस ठरले. पडद्यावर तारेतून सरकणारे इलेक्ट्रॉन दिसतात, खऱ्या तारेत काहीच दिसत नाही. फरक बहुधा तिथेच पडला असावा.

तरीही साहित्य हवंच. पडद्यावरची तार मधेच सैल होत नाही आणि विद्युत घट (सेल) खोक्यातूनच मेलेला निघत नाही. दिवा का लागत नाही हे शोधताना मूल जे शिकतं ते त्या स्वच्छ पडद्यावर कुठून येणार? आणि पडद्यावरचं जग कुणीतरी लिहिलेल्या नियमांवर चालतं. तो नियम खरा आहे की नाही, हे त्याच पडद्यावर तपासता येत नाही.

लंबकाचं उदाहरण संस्थेपुढे ठेवा. एक मीटर दोरा आणि बोल्टला लावतात तसा एक जड नट घ्या. 'आणखी जड नट लावला तर झोके लवकर होतील का?' याचं उत्तर मुलांनी आधी वहीत लिहायचं, मग दहा झोके मोजायचे. सुमारे २० सेकंद लागतात, पण गटागटांत एकोणीस, साडेवीस, आणि मोजणीत घोटाळा केलेला एखादा अठरा असे आकडे येतात. यांतला कुठला धरायचा, या वादात मोजमाप म्हणजे काय ते कळतं. नट बदला, वेळ तीच. दोरा पाव मीटर करा, वेळ निम्मी. इथवर हातानेच. झोका साठ अंशांपर्यंत ओढला तर झोक्याच्या वेळेचं पुस्तकातलं सूत्र सुमारे सात टक्के कमी पडतं, तेही हुशार गटाच्या लक्षात येतं.

मग पडदा उघडा. फेटच्या लंबकात गुरुत्वाकर्षण बदलता येतं. चंद्रावर तोच झोका जवळजवळ अडीचपट सावकाश होतो आणि हे काही वर्गात दोऱ्याने दाखवता येत नाही. त्यातच 'ग्रह क्ष' म्हणून एक पर्याय आहे. तिथलं गुरुत्वाकर्षण दिलेलं नाही, झोके मोजून शोधायचं. मुलं यावर तुटून पडतात, आणि कुणीही गुण देत नसताना तुटून पडतात. माझ्या मते क्रम हाच : आधी अंदाज, मग हात, मग पडदा.

माझी मुलगी बालवर्गात आहे. सापशिडीने तिचं गणित सुधारेल का?

खेळता कशा यावर आहे. सीग्लर आणि रमाणी या मानसशास्त्रज्ञांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान मुलांना १ ते १० अंकांचा एका सरळ रेषेतला पट खेळायला दिला. पंधरा-वीस मिनिटांची मोजकी सत्रं, पण संख्यांची जाण स्पष्ट वाढली. अंकांऐवजी रंगांचे चौकोन असलेला तसाच पट खेळलेल्यांत ती वाढली नाही. त्यातली कळीची गोष्ट अशी की पाचवर असताना दोन पडले तर मूल 'एक, दोन' म्हणत नव्हतं, 'सहा, सात' म्हणत पुढे जात होतं. एवढी एक सवय लावा. सापशिडीत दर ओळीला दिशा उलटते आणि लहान मुलं तिथे गोंधळतात, म्हणून आधी कागदाच्या पट्टीवर दहा चौकोन आखून घ्या. साप नंतर येतील.

मी इतिहास शिकवतो. गुलामांच्या व्यापाराचं सिम्युलेशन करायचं आहे. अर्धा वर्ग तासभर हात बांधून बाकांखाली आणि उरलेली मुलं पहारेकरी. मुलांना ती वेदना जाणवेल.

कृपा करून करू नका. ती वेदना तासाभरात जाणवत नाही. जाणवतो तो अवघडलेपणा, नाहीतर हसू, आणि पहारेकऱ्यांना जाणवते ती सत्ता. जेन एलियट या अमेरिकन शिक्षिकेने १९६८ साली, वर्णभेदाविरुद्ध लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाल्यावर, तिसरीच्या मुलांना डोळ्यांच्या रंगावरून उच्च-नीच ठरवून वागवलं. काल-परवाचे मित्र काही तासांत एकमेकांना हिणवू लागले. तो प्रयोग गाजला आणि त्यावर टीका आजही होते, कारण त्या वयाच्या मुलांना 'मला हे नको' म्हणायला वाव नव्हता. तुमच्या वर्गात घरी किंवा वस्तीत खरंच हिणवलं गेलेलं मूल असेल तर ते तुम्हाला आधी सांगणार नाही.

गुलामांच्या व्यापारासाठी १७८८ मध्ये ब्रिटनमध्ये छापलेला 'ब्रुक्स' या गुलाम वाहणाऱ्या जहाजाचा आराखडा दाखवा. माणसं कशी दाटीवाटीने निजवलेली आहेत ते मुलांना मोजू द्या. तो कुणी छापला आणि कशासाठी, हे विचारा. बाकांखाली कुणी जायची गरज पडणार नाही.

भूमिका द्यायच्याच असतील तर निर्णय घेणाऱ्यांच्या द्या. पहिल्या महायुद्धानंतर तहाच्या अटी ठरवणारी १९१९ ची पॅरिस परिषद घ्या. फ्रान्स, ब्रिटन, अमेरिका, इटली असे गट करा आणि प्रत्येकाला त्याच्या मागण्यांचा कागद द्या. जर्मनीचा गट वर्गाबाहेर बसवा, कारण त्यांना वाटाघाटींत जागाच नव्हती. तयार मसुदा तेवढा त्यांच्या हातात ठेवायचा. बाहेरची मुलं तो वाचून जे बोलतील ते बाकीच्या वर्गाला ऐकवा. मात्र जर्मनीच्या गटात तुमची बोलकी, आपलं म्हणणं ठणकावून सांगणारी मुलं घ्या. एरवीही मागेच बसणाऱ्यांना बाहेर पाठवू नका.

खेळातल्या कामगिरीला गुण कसे द्यावेत?

देऊ नका. दुसऱ्या दिवशी वहीत एक प्रश्न द्या आणि त्याला द्या. उदाहरणार्थ, फाशांच्या तासानंतर : 'सहा पडला किंवा पाच पडला तरी फासा फुटतो, असा नियम केला तर आलेख कसा बदलेल? न फेकता काढून दाखवा.'