भाव उतरला तो कागदाचा की युरोचा?

प्रश्न : मी दांडिया बाजारात राहते. फाइन आर्ट्सला बरोबर शिकलेल्या आम्ही काही मैत्रिणी मिळून एचिंगचा कागद जर्मनीहून मागवतो. बडोद्याचा पत्ता भरल्यावर एका गठ्ठ्याचा जो भाव युरोत दिसतो, तो मी गूगल शीटमध्ये लिहिते; शेजारच्या रकान्यात रुपये आपोआप येतात. दोन महिन्यांपूर्वी भाव १४० युरो होता. शीटमध्ये तेव्हा १२,८८० रुपये दिसले, तेच मी सगळ्यांना कळवले. गेल्या आठवड्यात १४५ युरोचे १२,७६० दिसले. स्वस्त झालं म्हणून ऑर्डर दिली, तर वाहतूक आणि कस्टम सोडून नुसत्या कागदाचे कार्डावर १३,२८७ पडले. आणि जुन्या ओळीत आता १२,३२० दिसतात! मी त्या ओळीला हातही लावलेला नाही.
— एक वाचिका, बडोदे

उत्तर : ताई, तुम्ही आकडे इतके नेमके लिहिलेत की उत्तर त्यांच्यातच आहे. १२,८८० ला १४० ने भागा, युरोचा भाव ९२ येतो. १२,३२० ला भागा, ८८ येतो. म्हणजे तुमचं सूत्र प्रत्येक ओळीत आजचाच भाव धरतंय. शीटमधल्या गूगलफायनान्स या सूत्राला तारीख दिली नाही, तर ते चालू भाव आणतं आणि दोन महिन्यांपूर्वीची ओळही त्याच भावाने नव्याने मांडतं. नोंदवहीतली जुनी रक्कम अशी परस्पर बदलत असेल, तर तिला नोंदवही म्हणता येत नाही. मी बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर वर्षानुवर्षं बसलो, आणि या एका गोष्टीबाबत मी आजही हट्टी आहे.

तेव्हा रकाने चार करा : मूळ युरो, त्या दिवशीचा दर, दराची तारीख आणि रुपये. दर आणला की तो कॉपी करून ‘फक्त व्हॅल्यू’ म्हणून पेस्ट करा, म्हणजे तो गोठेल. दराची तारीख वेगळी लिहायची, कारण युरोपीय मध्यवर्ती बँकेचा संदर्भ दर शनिवार-रविवारी निघत नाही. रविवारी नोंद केलीत तर हाताशी दर शुक्रवारचाच असतो. आपल्याकडे एफबीआयएलचा (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेचा) संदर्भ दरही कामाच्या दिवशीच, दुपारी दीडच्या सुमारास जाहीर होतो. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करत असे. दोन्हींपैकी कोणताही धरा, पण मध्येच बदलू नका.

आता मुख्य मुद्दा. कागद स्वस्त झालाच नव्हता, पाच युरोंनी महागला होता. उतरला तो युरो. भावावर नजर ठेवायची ती विक्रेत्याच्या चलनात; ‘महागलं’, ‘उतरलं’ हे तिथेच ठरतं. रुपये बघायचे ते आपल्या खिशाला काय पडेल एवढ्यासाठी. आपल्या बडोदे संस्थानात बाबाशाही रुपया चाले आणि बाहेर ब्रिटिशांचा कलदार; दोन्ही रुपयेच, पण भाव एक नसे. कोणता रुपया ते लिहिल्याशिवाय रकमेला अर्थ नव्हता. तुमच्या शीटचंही तसंच आहे.

बिलातले वरचे ५२७ रुपये १२,७६० च्या ४.१३ टक्के होतात. अनेक क्रेडिट कार्डांवर परकीय चलनाचा ३.५ टक्के मार्कअप, म्हणजे बँकेचा वरचा आकार, असतो आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी. दोन्ही मिळून बरोबर ४.१३. हिशेब इतका चपखल बसतो, त्या अर्थी मधल्या दिवसांत दर फारसा हलला नसावा. एरवी कार्डाला दर लागतो तो व्यवहार प्रत्यक्ष जमा होतो त्या दिवशीचा, ऑर्डरच्या दिवशीचा नव्हे. तुमच्या कार्डाचा मार्कअप पाहून पाचवा रकाना ‘पडता भाव’, म्हणजे मार्कअप धरून खिशाला पडणारी रक्कम, असा करा. पैसे भरताना संकेतस्थळाने ‘रुपयांत भरा’ असं विचारलं तर आधी त्यांचा दर तपासा. तो बहुधा कार्डापेक्षा महाग पडतो.

पत्ता भरल्यावरचा भाव तुम्ही नोंदवता, हे फार चांगलं. जर्मनीतल्या ग्राहकाला तोच कागद १९ टक्के व्हॅट धरून १७२.५५ युरोंना दिसेल. त्यातून व्हॅट काढायचा तर १.१९ ने भागायचं, १४५ येतात. १९ टक्के वजा केलेत तर १३९.७७ येतील, आणि कागद पुन्हा स्वस्त झाल्याचा भास होईल.

प्रश्न : मी निरनिराळ्या देशांतल्या दुकानांचे भाव गोळा करणारा छोटा प्रोग्राम लिहिला आहे. जपानी कागदाचा भाव शंभरपट येतो. का?
— एक विद्यार्थी, बडोदे

उत्तर : आपल्याकडे येनचा संदर्भ दर १०० येनला इतके रुपये असा देतात. तो एका येनचा समजून गुणलात की शंभरपट होणारच. दुसरी शक्यताही तपासा : रक्कम पैशांसारख्या लहान एककात साठवत असाल, तर आयएसओ ४२१७ या चलनांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे येनला दशांश स्थळं नाहीत, रुपयाला दोन, कुवेती दिनारला तीन. सगळीकडे १०० धरू नका. चलन ओळखताना नुसत्या चिन्हावर विसंबू नका. येन आणि चिनी युआन यांचं चिन्ह एकच, आणि डॉलर तर अमेरिका, कॅनडा, सिंगापूर अशा कितीतरी देशांचा. जर्मन दुकान १.२९९,०० लिहितं ते एक हजार दोनशे नव्व्याण्णव. तुमचा प्रोग्राम ते एक युरो तीस सेंट वाचत नाही ना, हे आधी बघा.