कॅमेऱ्याची गोळी गिळण्याआधी

आतड्याच्या कॅप्सूल तपासणीबद्दल (कॅमेरा असलेली गोळी गिळायची, ती आतड्यातून जाताना आतले फोटो काढते) फिरून फिरून तेच विचारलं जातंय, म्हणून या वेळी फक्त तेवढेच प्रश्न घेतो.

एका सेंटरवर 'थ्रीडी कॅप्सूल'चे जादा पैसे सांगितले. ती साध्या कॅप्सूलपेक्षा चांगली का? (इचलकरंजी)

गोळीलाच दोन भिंगं आहेत, की चित्र नंतर कॉम्प्युटरवर उभं केलंय, एवढं आधी विचारा. नेहमीच्या गोळीला एकच भिंग असतं. सेकंदाला दोन ते सहा फोटो काढत ती आठ-दहा तास चालते. फोटो पन्नास हजारांच्या घरात जातात. त्या सपाट फोटोतल्या उजेड-सावलीवरून सॉफ्टवेअर खोलीचा अंदाज बांधतं. उजळ ते जवळ, काळं ते लांब. मग साकळलेलं काळं रक्तही खड्डा म्हणून दिसू शकतं. एखादा फुगवटा किती उचललेला आहे हे बघायला उपयोग होतो, नाही असं नाही. पण निदान मूळ फोटोंवरूनच होतं. स्क्रीनवर गरगर फिरणाऱ्या चित्राला भुलू नका. फोटो वाचून रिपोर्टवर सही कोण करणार, ते विचारा.

त्या दिवशी पांढरा रस्सा चालेल का? (राजारामपुरी)

नाही. आदल्या रात्रीपासून उपाशी राहायचं. बाकी वेळा सेंटर सांगेल त्या पाळा, आणि लोहाच्या गोळ्या किती दिवस आधी बंद करायच्या ते डॉक्टरांना विचारा.

वडील ६२ वर्षांचे. हिमोग्लोबिन ७. शौचाला काळं होतं. मूळव्याध म्हणून सहा महिने गावातलं औषध चालू आहे. कोलोनोस्कोपीला (मोठ्या आतड्याच्या दुर्बिणीला) घाबरतात, त्याऐवजी कॅप्सूल करू का? (कागल)

'त्याऐवजी' नाही. मूळव्याधीचं रक्त लाल पडतं. डांबरासारखं काळं होत असेल तर रक्त बहुधा वरून येतंय. लोहाच्या गोळ्यांनीही काळं होतं, पण ते घरी बसून ठरवायचं नसतं. आधी जठराची दुर्बीण, मग मोठ्या आतड्याची. दोन्हींत काही सापडलं नाही तर लहान आतड्यासाठी कॅप्सूल. गोळीला तपासणीसाठी आतड्याचा तुकडा काढता येत नाही की रक्त थांबवता येत नाही. सहा महिने वाया गेलेत, याच आठवड्यात पोटविकारतज्ज्ञांना दाखवा. चक्कर आली किंवा धाप लागली तर आठवडाही थांबू नका.

आईला पूर्वी पोटाचा टीबी होता. आता रक्त कमी आहे, दोन्ही दुर्बिणी नॉर्मल. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून गोळ्या घेते. जेवल्यावर पोटात गोळा फिरतो, मग गुडगुडून मोकळं वाटतं. सोमवारी कॅप्सूल आहे. काही पथ्य? (गडहिंग्लज)

पथ्य राहू दे, आधी सोमवार पुढे ढकला आणि हे सगळं, विशेषतः तो 'गोळा', डॉक्टरांना जसंच्या तसं सांगा.

जेवल्यावर गोळा फिरणं आणि आवाज होऊन सुटणं म्हणजे आतडं कुठंतरी अरुंद झालेलं असू शकतं. टीबी बरा होताना व्रण आवळतो आणि वाट चिंचोळी होते. गोळी सुमारे २६ मिलिमीटर लांब आणि ११ जाड. ती अडकली तर काढायला कधी ऑपरेशनच करावं लागतं. म्हणजे तपासायला गेलो आणि पोट उघडून आलो!

दुसरी गोष्ट त्या गुडघ्याच्या गोळ्यांची. शेतात राबणाऱ्या बाया पाच-पाच वर्षं चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅक घेतात, वर सांगतात, "औषध काही चालू नाही." ते औषधच आहे. त्यानं लहान आतड्यात जखमा होतात, रक्त झिरपतं आणि वाट अडवणारी, पातळ पडद्यासारखी कडी तयार होतात. ती सीटी स्कॅनमध्येही निसटू शकतात. रिकामी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या. दुकानदारानं 'साधी दुखायची गोळी' म्हटलं म्हणून ती साधी होत नाही.

आधी आतड्याचा सीटी लागेल. गरज वाटली तर त्याच मापाची, अडकलीच तर विरघळणारी चाचणीची गोळी देतात. वाट मोकळी दिसली तरच कॅमेरा. काय करायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, पण ठरवायला त्यांना पूर्ण माहिती हवी.

गोळी गिळून दहा दिवस झाले, पडलेली दिसली नाही. पुढच्या आठवड्यात कमरेचा एमआरआय आहे. शिवाय सापडली तर धुऊन परत द्यायची का? (शाहूपुरी)

परत द्यायची नाही. फोटो कमरेला बांधलेल्या पट्ट्यावरच्या रेकॉर्डरमध्ये आलेले असतात. एमआरआय मात्र थांबवा. जवळच्या दवाखान्यात किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात पोटाचा साधा एक्स-रे काढून तपासणी करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा. गोळी आत असेल तर एमआरआयच्या मशीनजवळही जायचं नाही. पोट दुखून फुगलं किंवा उलट्या झाल्या तर थेट इमर्जन्सी गाठा.