‘आढळले नाही’ याचा अर्थ काय?

अन्नातल्या कीटकनाशक अवशेषांच्या सरकारी तपासणीबद्दल बरेच प्रश्न आले आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो.

प्रश्न : एका फळाचे काही नमुने ‘कमाल अवशेष मर्यादे’च्या वर निघाल्याचं वाचलं. म्हणजे आजवर आम्ही विष खात होतो का?

एवढ्यावरून तसं म्हणता येत नाही. ही मर्यादा शेतात ठरते. शिफारशीइतकीच मात्रा फवारली आणि काढणीआधी सांगितलेले दिवस थांबलं, तर मालात जास्तीत जास्त किती अवशेष उरतो, हे चाचण्या घेऊन मोजतात आणि त्यावरून आकडा निघतो. आरोग्याचा हिशोब वेगळा मांडतात. प्राण्यांवरच्या प्रयोगांत ज्या मात्रेला काहीही अपाय दिसला नाही, तिला साधारण 100 ने भागून माणसाने रोज किती घेतलेलं चालेल ते ठरवतात. मर्यादेइतका अवशेष रोजच्या आहारातून पोटात गेला तरी तो या आकड्याच्या आत राहतो ना, हे मग तपासतात. युरोपात तर ज्या पिकासाठी वेगळी मर्यादाच नाही, तिथे सरसकट किलोमागे 0.01 मिलिग्रॅम धरतात. शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्याने आली तरी माल बेकायदा ठरू शकतो.

म्हणून मर्यादा ओलांडणं नेहमीच किरकोळ असतं असंही नाही. 1985 मध्ये कॅलिफोर्नियात कलिंगडांत अल्डिकार्ब हे जहाल कीटकनाशक निघालं, तेव्हा शेकडो लोक आजारी पडले होते. त्या पिकावर ते वापरायला परवानगीच नव्हती.

प्रश्न : मर्यादा 0.1, अहवालात 0.15, तरी माल पास! हे लागेबांधे नाहीत तर काय?

मोजमापातली अनिश्चितता आहे. एकच नमुना दोन प्रयोगशाळांना दिला तर आकडे तंतोतंत जुळत नाहीत. युरोपात यासाठी 50 टक्के सूट धरतात : 0.15 म्हणजे 0.075 ते 0.225 च्या दरम्यान काहीतरी. खालचं टोक मर्यादेच्या आत असेल तर संशयाचा फायदा माल पाठवणाऱ्याला मिळतो. या उदाहरणात आकडा 0.2 च्या वर गेला की कारवाई.

प्रश्न : प्रयोगशाळेत फळ धुऊन, सोलून घेतात का?

कायद्याच्या तपासणीत नाही. कोडेक्सच्या (जागतिक अन्न मानकांच्या) पद्धतीत केळं सालीसकट वाटतात. आंब्याची कोय काढतात, पण हिशोब अख्ख्या फळाच्या वजनावर करतात. सफरचंदासारख्या मध्यम फळांचा नमुना किमान एक किलो आणि किमान दहा नग हवा, कारण एकाच झाडाच्या दोन फळांवरही फवारा सारखा बसत नाही.

मग शुष्क बर्फ (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घालून सगळ्याची पूड करायची. त्यातले जेमतेम 10 ग्रॅम नळीत घ्यायचे, अ‍ॅसिटोनायट्राइल हा द्रावक ओतायचा, वर मॅग्नेशियम सल्फेट आणि मीठ टाकून जोरात हलवायचं. सल्फेट पाणी ओढून घेतं तशी नळी हाताला गरम लागते. नवखा माणूस पहिल्यांदा दचकतोच. नळी यंत्रात वेगाने फिरवून काढल्यावर द्रावक वर तरंगतो आणि बहुतेक कीटकनाशकं त्यात उतरलेली असतात. 2003 मध्ये आलेल्या या पद्धतीने आमचं दिवसांचं काम तासांवर आणलं.

अमेरिकेच्या कृषी खात्याचा 1991 पासूनचा कार्यक्रम मात्र फळं घरच्यासारखी धुऊन, सोलून तपासतो. शेतकऱ्याने नियम पाळला का, हा एक प्रश्न. ताटात किती येतं, हा दुसरा. दोन्हींचे आकडे शेजारी ठेवून भांडू नका.

प्रश्न : ‘शेकडो रसायनं तपासली, एकही आढळलं नाही’ असा अहवाल असेल तर निर्धास्त व्हावं का?

आधी यादी मागा. ग्लायफोसेट हे तणनाशक पाण्यात इतकं विरघळतं की वरच्या पद्धतीत ते द्रावकात येतच नाही. त्यासाठी वेगळी चाचणी, वेगळा खर्च. म्हणून ते पुष्कळदा यादीतच नसतं. मॅन्कोझेब या बुरशीनाशकाची तऱ्हा उलटी. ते थेट मोजण्याऐवजी आम्लाने फोडून निघणारा कार्बन डायसल्फाइड मोजतात, आणि कोबी, लसूण फवारणीशिवायही तो वायू देतात. तिथे ‘आढळलं’ यावरही लगेच विश्वास ठेवू नये.

2017 मध्ये युरोपात अंड्यांत फिप्रोनिल हे कीटकनाशक निघालं. ते खुराड्यांतल्या गोचिडसदृश किडींवरच्या औषधात गुपचूप मिसळलेलं होतं. पिकांवरच्या फवारणीच्या नोंदी कितीही चाळल्या असत्या तरी हाती काही लागलं नसतं. माझ्या मते देखरेखीचा खरा कच्चा दुवा हाच : यंत्र सांगितलेलंच शोधतं. शिवाय ‘आढळलं नाही’ म्हणजे शून्यही नव्हे. त्या पद्धतीच्या मोजणीच्या किमान पातळीखाली, इतकंच.

प्रश्न : दोषी नमुन्यांची टक्केवारी वर्षभरात दुपटीहून वाढली. परिस्थिती बिघडली का?

नमुने कसे उचलले ते पाहा. सरसकट, चिठ्ठ्या टाकल्यासारखे उचललेले नमुने बाजाराचं चित्र दाखवतात. संशयित मालाच्या मागे लागून उचलले तर टक्केवारी वाढणारच, आणि निरीक्षक नेमक्या मालापर्यंत पोचत असल्याची ती खूणही असू शकते. एकाच वर्षाच्या अहवालात दोन्ही प्रकार एकत्र मोजले असतील, तर ती टक्केवारी मी वाचतही नाही.