डायनामो बदलण्याआधी बॅटरीचं पाणी बघा

तुमची मॉरिस मायनर १९५४ ची, आजोबांच्या वेळेपासून घरातली, आणि वर्षभरात तिच्या दोन बॅटऱ्या गेल्या. आठवडाभर उभी राहिली की सेल्फ नुसता कण्हतो. रात्री सिग्नलला थांबलात की हेडलाइट मिणमिणतात. आणि गाडी चालू असतानाही डॅशवरचा लाल दिवा पुरता विझत नाही, अंधुक जळत राहतो. इलेक्ट्रिशियन म्हणतो डायनामो, म्हणजे इंजिनच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारा जुना जनरेटर, काढा आणि त्याजागी नव्या पद्धतीचा अल्टरनेटर टाका. टाकू का, असं तुम्ही विचारलंय.

आत्ता नका टाकू. तुमच्या या तीन तक्रारी आहेत आणि त्यांची कारणं तीन वेगळी असू शकतात. त्यातली एक तर तक्रारच नाही.

सिग्नलला दिवे मंद होणं हा डायनामोचा स्वभाव आहे. गाडी आयडलिंगवर असताना डायनामो जवळजवळ काहीच देत नाही. तो रंगात येतो टॉप गिअरला ३० किलोमीटरच्या पुढे. दोन हेडलाइट ४२ वॅटचे धरले तर तेच ७ अँपियर खातात. त्यात कॉइल (स्पार्क प्लगला ठिणगी देणारी) आणि मागचे दिवे धरून १० ते ११ अँपियर. ४० अँपियर-अवरची बॅटरी पुण्याच्या संध्याकाळच्या गर्दीत तासभर रखडली, तर पाव बॅटरी तिथेच रिकामी झाली. आणि घर दोन किलोमीटरवर असेल तर ती भरून निघणार कधी? म्हणून आधी सांगा, गाडी मोकळ्या रस्त्यावर सलग अर्धा-पाऊण तास शेवटची कधी चालवली होतीत?

दुसरा प्रश्न याहून महत्त्वाचा. बॅटरीत पाणी किती वेळा घालावं लागतं?

हे विचारायला मी महागात शिकलो. माझीही मायनरच. आठ महिन्यांत बॅटरी बसली. गॅरेजवाल्याने डायनामोचं आर्मेचर, म्हणजे आतला फिरणारा गाभा, रिवाइंड करायला लावलं, नवी बॅटरी टाकली, आणि पुन्हा तेच. मी दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालत होतो, पण ते उन्हाळ्यामुळे असेल असं धरून चाललो होतो. बॅटरीखालचा पत्रा ॲसिडने खाल्ला तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला, की ही बॅटरी उपाशी नाही, तिला अजीर्ण झालंय. गाडीला रंग दिला तेव्हा कंट्रोल बॉक्स (चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर आणि कटआउट असलेला डबा) काढून परत बसवला होता, आणि त्याच्या 'ई' टर्मिनलची अर्थ वायर, म्हणजे बॉडीला जोडणारी वायर, रंगाच्या थरावरच आवळली होती. अर्थ कच्ची, त्यामुळे रेग्युलेटरला खरा व्होल्टेज समजतच नव्हता. आहे त्यापेक्षा कमी आहे असं धरून तो डायनामोला मोकळा सोडत होता. पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, स्क्रू आवळला, वर व्हॅसलिन लावलं. खर्च शून्य. ती बॅटरी पुढे चार वर्षं टिकली.

तर पाणी भराभर आटत असेल तर चार्जिंग जास्त होतंय. पाणी जागच्या जागी आणि बॅटरी तरी उतरतेय, तर चार्जिंग कमी आहे किंवा कुठेतरी गळती आहे. या दोन दुखण्यांची औषधं एकमेकांच्या उलट आहेत, म्हणून हे ठरल्याशिवाय पाना हातात घेऊ नका. पाणी बघताना काडी-लायटर अजिबात नको, चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो.

आणखी एक गोष्ट इलेक्ट्रिशियनला दहा वेळा सांगा. मायनर मुळात पॉझिटिव्ह अर्थ आहे. बॅटरीचा प्लस बॉडीला. आजच्या पोरांचा हात सवयीने मायनस बॉडीला लावतो. तसं केलं आणि डायनामो जुन्याच दिशेने मॅग्नेटाइझ झालेला असला, तर कटआउट, म्हणजे डायनामो आणि बॅटरी जोडणारा-तोडणारा स्विच, मिटताच प्रचंड करंट वाहतो आणि त्याचे पॉइंट जळतात. तुमच्या दोन बॅटऱ्या बदलताना कोणी काय लावलं ते आधी डोळ्यांनी बघा. केबल काढताना बॉडीची आधी, लावताना बॉडीची शेवटी.

आता मोजायला घ्या. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो. बॅटरी बाहेर काढून रात्रभर चार्जरवर लावा. अर्धवट उतरलेल्या बॅटरीवर पुढचा एकही आकडा खरा येत नाही, कारण हा जुना रेग्युलेटर उतरलेल्या बॅटरीला मुद्दाम कमी व्होल्टेजवर जास्त करंट देतो. चार्ज झाल्यावर काही तास तशीच ठेवून मोजा. १२.६ च्या वर हवेत. १२.२ म्हणजे अर्धीच, आणि पूर्ण चार्ज करूनही १२ च्या आसपास रेंगाळली तर ती गेली. हायड्रोमीटर (ॲसिडची घनता मोजणारा) मिळाला तर सहाही सेलची ग्रॅव्हिटी घ्या. आपल्या हवेत १.२४० ते १.२६० ठीक, पण मी आकड्यापेक्षा फरक बघतो. पाच सेल सारखे आणि एक ०.०५० ने खाली, म्हणजे तो सेल डेड.

मग बॅटरी गाडीत बसवा, कॉइलची वायर काढा म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, आणि कोणाला तरी सेल्फ ओढायला सांगा. त्या क्षणी बॅटरीच्या खुंट्यांवर ९.६ च्या खाली जाता कामा नये. सेल्फ ओढलेला असतानाच मीटरची एक पिन बॅटरीच्या अर्थ खुंटीवर, क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर. इथे पाव व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब. गिअरबॉक्सपासून बॉडीला जाणारी अर्थ पट्टी बऱ्याच गाड्यांत तुटलेली असते, किंवा गिअरबॉक्स उतरवला तेव्हा कोणीतरी विसरलेला असतो. मग सेल्फचा करंट चोक किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो. सेल्फ मारल्यावर चोकची केबल गरम लागली तर हेच.

आता डायनामो. आधी बेल्ट अंगठ्याने दाबा. सगळ्यात लांब बाजूला अर्धा इंच दबावा, जास्त नको. मग डायनामोवरच्या दोन्ही वायर काढा. मोठं टर्मिनल 'डी', लहान 'एफ'. दोन्ही छोट्या वायरने एकत्र जोडा. मीटरची काळी पिन या जोडावर, लाल पिन डायनामोच्या बॉडीवर, कारण अर्थ पॉझिटिव्ह आहे. इंजिन सुरू करून अगदी हळू रेस वाढवा. साधारण १००० आरपीएमपर्यंत व्होल्टेज न अडखळता २० पर्यंत चढला पाहिजे. तिथेच थांबा, त्यापुढे रेस केलीत तर वाइंडिंग जळेल.

चढला? मग तुमचा डायनामो ठणठणीत आहे आणि अल्टरनेटरचे पैसे वाचले. काहीच दाखवत नसेल तर कार्बन (आतले ब्रश) झिजलेत किंवा अडकलेत, ते काढून बघा. अर्धा-एक व्होल्टच दिसला तर फील्ड कॉइलवर, म्हणजे बॉडीतल्या स्थिर वाइंडिंगवर, संशय घ्या. ४-५ व्होल्टवर अडकला तर आर्मेचर. मागच्या बुशला तेलाचं छोटं भोक असतं, त्यात दोन-तीन थेंब टाका. भरभरून ओतलंत तर ते कम्युटेटरवर (कार्बन घासतात त्या तांब्याच्या कड्यावर) जाईल आणि नवंच दुखणं लागेल.

तुमचा तो अंधुक लाल दिवा मला जास्त बोलका वाटतो. त्या दिव्याच्या एका बाजूला बॅटरीचा व्होल्टेज, दुसऱ्या बाजूला डायनामोचा. दोन्ही सारखे झाले की तो विझतो. चालत्या गाडीत मंद जळतोय याचा अर्थ या दोहोंमध्ये कुठेतरी व्होल्टेज अडतोय. बहुतेक वेळा ते कटआउटचे काळे पडलेले पॉइंट असतात, नाहीतर कंट्रोल बॉक्सवरचा एखादा सैल स्क्रू. बॅटरीची केबल काढून कंट्रोल बॉक्सचं झाकण उघडा, कटआउटच्या पॉइंटमधून बारीक पॉलिश पेपरची पट्टी दोनदा ओढा, स्पिरिटने पुसा. सगळे स्क्रू आवळा. रेग्युलेटरच्या ॲडजस्टमेंटला मात्र हात लावू नका. ती बघायचीच तर 'ए' आणि 'ए१' च्या वायर काढून एकमेकींना जोडायच्या, बॅटरीची केबल परत लावायची, इंजिन सुरू करून 'डी' आणि 'ई' मध्ये मोजायचं. ३० अंश तापमानाला १५.९ ते १६.५ च्या दरम्यान काटा स्थिरावला पाहिजे, आणि हे अर्ध्या मिनिटात उरकायचं, कारण कॉइल तापली की आकडा बदलतो. या एका कामाला काट्याचा मीटर बरा.

राहिली गळती. सगळं बंद करून बॅटरीची अर्थ केबल काढा, आणि खुंटी व केबल यांच्यामध्ये ५ वॅटचा बल्ब धरा. या गाडीत तो जरासुद्धा लुकलुकता कामा नये. पेटला तर एकेक फ्यूज काढत जा. फ्यूज काढूनही पेटलेलाच राहिला तर कंट्रोल बॉक्सच्या 'डी' वरची पिवळी वायर काढा. त्याने विझला तर कटआउट चिकटलाय, आणि बॅटरी रात्रभर डायनामोतून रिकामी होतेय. अशा वेळी उभ्या गाडीचा डायनामो हाताला कोमट लागतो.

हे सगळं करूनही अल्टरनेटर हवासा वाटला तर माझी हरकत नाही, रात्री गर्दीत रोज चालवणाऱ्याला तो सोयीचा. पण बहुतेक अल्टरनेटरसाठी आख्खी गाडी निगेटिव्ह अर्थ करावी लागते, नाहीतर डायोड पहिल्याच जोडणीत उडतात. आणि सैल अर्थ, चिकटलेला हॉर्नचा स्विच किंवा मेलेला सेल त्याने दुरुस्त होत नाही.

येत्या रविवारी मला एवढं कळवा. बॅटरीला पाणी किती लागतं, बाहेर ठेवून किती व्होल्ट आले, सेल्फ मारताना किती उतरले, आणि 'डी'-'एफ' जोडल्यावर डायनामो कुठपर्यंत चढला. कंट्रोल बॉक्सच्या मागचा पत्रा रंगवलेला आहे का, तेही बघून ठेवा.