कुरण एक, पोटं दोन

वाचक विचारतात. या वेळचे प्रश्न अमेरिकेत छोट्या रँचवर गाई-घोडे सांभाळणाऱ्या मराठी वाचकांचे आहेत.

प्रश्न : आमची रँच मोंटानात बोझमनजवळ आहे. १४ गाई, ३ घोडे. मार्चमध्ये काही पहिलारू कालवडी विणार आहेत आणि तेव्हा बाहेर बर्फ असतो. कालवड अडली तर मदत कधी करायची? वासरू गारठलं तर काय करायचं?

उत्तर : पाणमोट किंवा वासराचे पाय दिसले की घड्याळ बघा. आधी व्यालेली गाय असेल तर अर्धा तास आणि पहिलारू असेल तर एक तास थांबा. तेवढ्यात काहीच पुढे सरकलं नाही, तर डॉक्टरांना फोन करा. दोन पुढचे पाय आणि त्यांवर टेकलेलं नाक दिसलं, तर वासरू सरळ आहे. खुरांचे तळवे आभाळाकडे असतील तर ते बहुधा मागचे पाय असतात. अशा वेळी वाट बघत बसू नका, कारण वासराचं डोकं आत असतानाच नाळ दबते. साखळी लावताना एक वेढा घोट्याच्या वर आणि दुसरा खाली घ्या. सगळा जोर एकाच वेढ्यावर आला तर कोवळं हाड मोडतं. ओढायचं ते कालवडीच्या कळेबरोबर. कळ थांबली की हातही थांबला पाहिजे.

वासरू बाहेर आलं की त्याच्या तोंडात बोट घाला. तोंड उबदार असेल आणि ते बोट चोखत असेल तर काळजी नाही. तोंड गार असेल आणि जीभ ढिली पडली असेल तर गुदद्वारात थर्मामीटर लावा. साधारण ३८.५ ते ३९ अंश सेल्सिअस हवं. ३७.८ च्या खाली गेलं तर वासरू गारठलं आहे, आणि ३४ च्या आसपास आलं तर जीव धोक्यात आहे. अशा वासराला ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात, डोकं वर धरून बसवा. पाणी निवत जातं, ते बदलत राहा. अंगाचं तापमान ३८ च्या वर आलं की बाहेर काढून कातडीपर्यंत कोरडं करा. ओल्या केसांनी परत बर्फात सोडलं तर सगळी मेहनत वाया जाते. आंघोळीने आईचा वास निघून जातो, म्हणून वारेचा चिकटा अंगाला चोळूनच वासरू तिच्यापुढे ठेवा.

चिकाच्या बाबतीत वेळ फार महत्त्वाची आहे. वासरू जन्मतं तेव्हा रोगाशी लढण्याची ताकद त्याच्यात जवळपास नसते. ती चिकातून मिळते, आणि आतड्याची ती शोषून घेण्याची क्षमता तासातासाला कमी होत २४ तासांत संपते. म्हणून पहिल्या दोन तासांत दोन लिटर आणि बारा तासांच्या आत आणखी दोन. ४० किलोच्या वासराला एवढा चीक लागतोच. ते स्वतः चोखत नसेल तर नळीने पाजा. पाजण्याआधी मान बोटांनी चाचपा. एक कडक, कड्याकड्यांची नळी लागेल, ती श्वासनलिका. तिच्याशेजारी तुमची नळी वेगळी हाताला लागली, तरच चीक सोडा. गोठवलेला चीक ५० अंशांहून जास्त गरम पाण्यात वितळवू नका, त्यातली प्रतिपिंडं मरतात.

प्रश्न : रात्री-अपरात्री उठण्यावर काही उपाय?

उत्तर : वैरण संध्याकाळी टाका. कॅनडात मॅनिटोबातल्या गस कोनेफाल या पशुपालकाच्या नावाने ही पद्धत ओळखली जाते. आयोवात १५ पशुपालकांच्या १,३३१ गाईंना दिवसातून एकदाच, तिन्हीसांजेला वैरण दिली, तेव्हा ८५ टक्के वासरं सकाळी ६ ते संध्याकाळी ६ या वेळात जन्मली. वितीच्या आधी किमान दोन-तीन आठवडे सुरुवात करा. तरी मध्यरात्रीची एक फेरी मात्र सोडू नका.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये कोवळ्या गवतावर सोडलेली दुभती गाय थरथरत कोसळते, असं शेजारी सांगतात. त्यासाठी खनिज मिश्रण आणलं आहे. ते कुरणात ठेवलं तर घोड्यांना चालेल का?

उत्तर : डब्यावरचं लेबल वाचल्याशिवाय अजिबात नाही.

आधी गाईचं बघू. लवकर वाढलेल्या हिरव्या गवतात पोटॅशियम भरपूर असतं आणि मॅग्नेशियम कमी. पोटॅशियम त्या थोड्या मॅग्नेशियमलाही रक्तात जाऊ देत नाही. वय झालेली, नुकतीच व्यालेली, भरपूर दूध देणारी गाय आधी पडते. कान ताठ, मान वर, कातडी थरथरते, चाल अडखळते, मग आडवी पडून पाय झाडते. तिथून काही तासांत संपते. शिरेतून द्यायचं औषध डॉक्टरांनीच आणि हळूहळू द्यावं लागतं. म्हणून चराईच्या तीन-चार आठवडे आधीपासून १० ते १२ टक्के मॅग्नेशियमचं मिश्रण दर गाईला रोज सुमारे ११० ग्रॅम पोटात गेलं पाहिजे. मॅग्नेशियम ऑक्साइड कडवट असतं, गाई ते टाळतात. मळी मिसळलेलं घ्या आणि दुसरं मीठ कुरणातून उचला, म्हणजे मिठाच्या ओढीने त्या याच डब्याकडे येतील.

आता घोडे. गाईंच्या कितीतरी मिश्रणांत मोनेन्सिन असतं. गाईच्या पचनाला ते मदत करतं, पण घोड्याचं शरीर ते लवकर बाहेर टाकू शकत नाही आणि हृदयाचे स्नायू निकामी होतात. वजनाच्या किलोमागे २ ते ३ मिलिग्रॅम जीवघेणं ठरतं. म्हणजे ४५० किलोच्या घोड्याला जेमतेम एक ग्रॅम. गाईच्या ११० ग्रॅम मिश्रणात २०० मिलिग्रॅमपर्यंत मोनेन्सिन असू शकतं. म्हणजे अर्ध्या किलोत ते ९०० मिलिग्रॅमवर जातं, आणि गोड मळीची चटक लागलेला घोडा अर्धा किलो सहज संपवतो. यावर उतारा नाही. घाम, पोटदुखी, मागच्या पायांतली ताकद जाणं आणि काळसर लघवी ही लक्षणं आहेत. यातून वाचलेला घोडाही पुढे कधीतरी, खोगीर घातलेलं असताना, अचानक कोसळू शकतो. म्हणून डबा गाईंच्याच कुंपणात ठेवा आणि गाईंचं खाद्य भरलेलं फावडं-बादली घोड्यांच्या खाद्याला वापरू नका.

वाळल्या गवताच्या गोल गठ्ठ्याचंही तसंच. आतून बुरशी आलेला गठ्ठा गाय बऱ्याचदा पचवते, घोड्याचं पोट किंवा दमा उठतो. त्यात एखादा उंदीर दाबला गेला असेल तर बोट्युलिझमने, म्हणजे अंग लुळं पाडणाऱ्या विषबाधेने, घोडा दगावूही शकतो.

प्रश्न : हिवाळाभर वाळलं गवत खाल्लेले घोडे हिरव्यावर कसे सोडायचे?

उत्तर : गवत १५ ते २० सेंटिमीटर होऊ द्या. आधी पोटभर वाळलं गवत द्या, मग पहिल्या दिवशी १५-२० मिनिटं सोडा. रोज तेवढीच वेळ वाढवत दोन-तीन आठवड्यांत चार तासांपर्यंत न्या. जाडजूड मानेच्या, सहज लठ्ठ होणाऱ्या घोड्याला मुसकं बांधूनच सोडा. मळणीच्या बैलाला बांधायचे तसं, फक्त याच्या बुडाला छोटं भोक असतं.

'सकाळी सोडलं की बरं' असं बरेच जण सांगतात. एरवी ते खरं आहे, कारण दिवसा तयार झालेली साखर गवत रात्री वाढीला वापरतं. पण पारा ४ अंशांखाली गेला की वाढ थांबते आणि ती साखर पात्यातच राहते. रात्री दहिवर गोठून सकाळी लख्ख ऊन आलं, की तेच गवत सर्वांत धोक्याचं. मोंटानात एप्रिल-मेमध्ये असे दिवस बरेच येतात. त्या दिवशी घोडे बांधूनच ठेवा.

दर सकाळी पुढच्या पायाच्या घोट्यामागे दोन बोटं टेकवा. तिथली नाडी एरवी जेमतेम लागते. ती टणटण उडत असेल, खूर गरम असेल, घोडा पुढचे पाय लांब टाकून मागच्यांवर भार देत असेल, तर गवतातल्या साखरेने खुराच्या आतल्या पापुद्र्यांना सूज आली आहे. गवत तिथल्या तिथे बंद करा, पाय घोट्याच्या वरपर्यंत बर्फाच्या पाण्यात ठेवा, खाली जाड भुसा पसरा आणि डॉक्टर येईपर्यंत त्याला एक पाऊलही चालवू नका.