फाइल शोधणारं सॉफ्टवेअर टाकलं तर गिऱ्हाइकांची माहिती बाहेर जाईल का?

तुमचं गुहागरला झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान, कॉम्प्युटरवर आठ वर्षांच्या फाइल्स, आणि सर्चवालं सॉफ्टवेअर टाकलं तर लोकांची आधारकार्डं कुठल्या कंपनीकडे जातील ही धास्ती. मी देवगडला टायपिंगचं दुकान चालवतो, खरेदीखतं, हक्कसोडपत्रं, मृत्युपत्रांचे मसुदे असलं काम. ही धास्ती मलाही होती. पण मी तोंडावर आपटलो तो कंपनीमुळे नाही, माझ्याच स्क्रीनमुळे.

पावसाळ्यातली दुपार. एक काका सातबाऱ्याची जुनी प्रत मागायला आले. आधी 'न्यू फोल्डर ३', मग 'न्यू फोल्डर ३ जुना' असं धुंडाळत बसायचो, त्या दिवशी नवीन सर्च टाकलेला, ऐटीत त्यांचं आडनाव मारलं. आपल्याकडे एका वाडीत एकच आडनाव. खाली सरसर यादी आली आणि त्यात वरून तिसरी फाइल त्यांच्या चुलतभावाच्या मृत्युपत्राची, नावात 'बदललेले' हा शब्दसुद्धा. काका काउंटरवरून वाकून बघत होते. "ह्या काय रे?" मी स्क्रीनवरची खिडकी बंद केली, पण वाचायचं ते वाचून झालं होतं. सामाईक जमिनीची भावकी, पुढचं काय सांगायचं!

तोपर्यंत माझा पसारा हेच माझं कुलूप होतं. फाइल मलाच सापडायची नाही, तर दुसऱ्याला कुठून सापडणार? सर्चने ते कुलूप काढलं. म्हणून पहिलं काम म्हणजे स्क्रीन गिऱ्हाइकाकडून फिरवा आणि फाइलच्या नावात भानगड लिहू नका. मी आता नुसता नोंदवहीतला क्रमांक आणि साल टाकतो.

आता बाहेर जाण्याचं. तुमची भीती अगदीच हवेतली नाही. गुगलने २००४ मध्ये गुगल डेस्कटॉप नावाचं, कॉम्प्युटरवरच्या फाइल्स शोधायचं सॉफ्टवेअर काढलं होतं. २००६ च्या तिसऱ्या आवृत्तीत एका कॉम्प्युटरवरच्या फाइल्स दुसऱ्यावरून शोधायची सोय दिली, आणि ती चालू केली की फाइलमधल्या मजकुराची प्रत गुगलच्या सर्व्हरवर जायची. तेव्हा बरीच ओरड झाली. २०११ मध्ये ते बंदच पडलं. अलीकडे, २०२४ मध्ये, मायक्रोसॉफ्टच्या रिकॉलवरूनही तसाच गदारोळ झाला. ते स्क्रीनचे फोटो काढून ठेवतं, पण ठरावीक नव्या लॅपटॉपवरच चालतं आणि आता आपण चालू केल्याशिवाय सुरू होत नाही. दुकानातल्या जुन्या डब्याला त्याची चिंता नाही.

विंडोजचा स्वतःचा सर्च इंडेक्स, म्हणजे कुठल्या फाइलीत कुठले शब्द आहेत याची यादी, तुमच्याच मशीनवर बनवतो. आमच्याकडे जोराचा पाऊस लागला की नेट जातं, तरी फाइल सापडते, त्यावरून एवढं कळतं की शोधायला त्याला नेट लागत नाही. पण स्टार्टमधल्या खोक्यात गिऱ्हाइकाचं नाव टाइप केलंत तर तो सोबत वेबवरही शोधतो, म्हणजे ते नाव बिंगकडे, मायक्रोसॉफ्टच्या सर्च साइटकडे, जातं. फाइल एक्सप्लोररमध्ये, त्या फोल्डरात जाऊन शोधा. सेटिंग्जमध्ये सर्चच्या परवानग्यांत क्लाउडमधला, म्हणजे इंटरनेटवर साठवलेला, मजकूर शोधायचं बटण असतं, तेही बंद ठेवा.

'एव्हरीथिंग' नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, मी तेच वापरतो. ते डिस्कची फाइलनोंद थेट वाचतं, म्हणून क्षणात उत्तर देतं. सहसा फक्त नावं बघतं, आतला मजकूर नाही. एक गोम मात्र आहे. दुकानातल्या पोरासाठी वेगळं लॉगिन काढलंत तरी त्याला तुमच्या फाइल्सची नावं यात दिसू शकतात, उघडता आल्या नाहीत तरी. त्यात नेटवर्कवरून यादी दाखवायचा सर्व्हरही आहे, तो चालू करू नका.

दुसरी गोम दुरुस्तीची. मी एकदा मशीन दुरुस्तीला देताना डी ड्राइव्हची डिस्क काढून घरी ठेवली आणि स्वतःच्या हुशारीवर खूश झालो. पण विंडोजचा इंडेक्स मुळात सी ड्राइव्हवर, आणि डीमधला फोल्डर इंडेक्समध्ये घातला असेल तर त्या फाइल्सचे शब्दही त्यात असतात. आता मशीन बाहेर द्यायच्या आधी कंट्रोल पॅनेलमधल्या इंडेक्सिंग ऑप्शन्समध्ये जाऊन तो फोल्डर काढतो आणि इंडेक्स रिबिल्ड करतो, म्हणजे नव्याने बनवायला लावतो. खरं तर आधार, पॅन आणि बँक पासबुकाच्या प्रती मी इंडेक्समध्ये घालतच नाही. काम झालं की पुसून टाकतो. लोकांची आधारकार्डं आठ वर्षं ठेवायची तुम्हाला गरज काय, हे मात्र मला खरंच कळलं नाही.

तुमच्या जुन्या फाइल्स श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात असतील तर आणखी एक गंमत बघाल. त्या फॉन्टात 'सातबारा' स्क्रीनवर मराठी दिसतो, पण फाइलमध्ये भलतीच अक्षरं साठवलेली असतात. तुम्ही युनिकोडमध्ये, म्हणजे हल्लीच्या नेहमीच्या मराठी टायपिंगमध्ये, 'सातबारा' मारलंत तर एकही सापडणार नाही. नुसती स्कॅन केलेली पीडीएफही तशीच, तिच्यात शब्द नसतात, चित्र असतं. अशांसाठी मजकुरात शोधणारं भारी सॉफ्टवेअर विकत घेऊ नका, पैसे वाया जातील. रोज दुपारी गिऱ्हाईक कमी असताना दहा-दहा फाइल्सची नावं बदलत चला. माझ्या २०१५ आधीच्या अजून व्हायच्यात.